चिनी अश्मपात्रे : झिलई आणि अलंकरण

चिनी अश्मपात्रे : चीनमध्ये चिकणमातीपासून घडविलेली, सु. १,२००° ते १,३००° से. तापमानास भाजलेली आणि काचसदृश झिलई दिलेली मृत्पात्री. ‘स्टोनवेअर’ या नावाने पाश्चात्त्य ग्रंथांत उल्लेखिल्या जाणाऱ्या या पात्रांना येथे अश्मपात्रे असे म्हटले आहे. एवढ्या उष्णतेत मातीतील काही घटक वितळून उरलेल्या कणांना जखडून टाकतात. त्यामुळे भांड्याचे अंग दगडासारखे कठीण बनते व त्यात सहसा पाणी मुरत नाही. कमी उष्णतेत भाजलेल्या सच्छिद्र मडक्यांहून ही पात्रे भिन्न आहेत. पोर्सलीनचे अंग पांढरे असते व त्याचे पातळ भाग प्रकाशात अर्धपारदर्शक दिसतात. अश्मपात्राचे अंग मात्र करडे, पिवळट किंवा तपकिरी आणि अपारदर्शक असते. महाराष्ट्रातील घरांतून लोणच्यासाठी वापरली जाणारी जी जाड बरणी ‘चिनी मातीची’ म्हणून ओळखली जाते, तीही बहुधा याच जातीची असते.

चिनी मृत्कला म्हटली, की पांढऱ्या पृष्ठभागावर निळी चित्रे असलेले पोर्सलीन सामान्यतः डोळ्यांपुढे येते. त्या कसोटीने पाहिल्यास अश्मपात्रे साधी, प्रसंगी ओबडधोबडही वाटतात. परंतु ही कसोटीच त्यांना लागू पडत नाही. पोर्सलीनवरील चित्र हे पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेले असते. अश्मपात्रांत माती, झिलई व अग्नी यांच्या परस्परक्रियेतूनच अलंकरण सिद्ध होते. म्हणून कोणतेही अश्मपात्र पारखताना त्यावर नक्षी किती आहे, यापेक्षा त्या नक्षीने झिलईचा कसा उपयोग करून घेतला आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. या दृष्टीने विचार केल्यास परंपरेने ठरविलेली काही श्रेष्ठ-कनिष्ठ स्थाने बदलावी लागतात.

संज्ञा व वर्गीकरण : अश्मपात्र हा वर्ग मुळात चिनी नाही. चिनी परंपरेत ‘थाव’ म्हणजे कमी भाजणीची मृत्पात्री आणि ‘त्स’ म्हणजे उच्च भाजणीची, टिचकी मारल्यास खणखणीत नाद देणारी पात्रे, असे दोनच मुख्य भेद मानले जातात. त्यामुळे ज्यांना पाश्चात्त्य अभ्यासक अश्मपात्रे म्हणतात, त्यांतील बहुतेक चिनी वर्गीकरणात पोर्सलीनच्याच रांगेत बसतात. पारदर्शकतेपेक्षा नाद, घट्टपणा व झिलईचा पोत यांना चिनी रसिकाने अधिक महत्त्व दिले, असा त्याचा अर्थ आहे. हिरव्या झिलईच्या पात्रांना रूढ असलेले ‘सेलाडॉन’ हे नावही परकीय असून ते सतराव्या शतकातील एका फ्रेंच कादंबरीच्या नायकावरून पडले, असे मानतात. तांग काळातील प्रसिद्ध तिरंगी पात्रे शिसेयुक्त झिलईची व कमी भाजणीची असल्याने ती या वर्गात मोडत नाहीत.

झिलई व भाजणी : लाकडाची राख आणि माती पाण्यात कालवून केलेले मिश्रण ही चिनी झिलईची प्राचीनतम कृती होय. राखेतील चुनखडीच्या अंशामुळे मातीतील सिलिका तुलनेने कमी उष्णतेत वितळते व थंड झाल्यावर तिचा काचेसारखा थर अंगाला चिकटून राहतो. रंग मुख्यतः लोहामुळे येतो. झिलईत लोहाचे प्रमाण एक ते तीन टक्क्यांच्या आसपास असेल आणि भट्टीत हवा कमी सोडली असेल, तर हिरवट किंवा निळसर छटा मिळते. हवा अधिक मिळाल्यास तीच झिलई पिवळट वा तपकिरी होते. लोहाचे प्रमाण बरेच वाढविले, की काळा रंग येतो. म्हणजे कुंभार रंग थेट लावीत नसे. तो रंगाला अनुकूल अशी परिस्थिती निर्माण करीत असे.

दक्षिण चीनमध्ये डोंगरउतारावर बांधलेल्या लांबलचक भट्ट्या वापरीत. त्यांना ‘ड्रॅगन भट्ट्या’ म्हणतात. फूक्येन प्रांतातील अशा एका भट्टीची लांबी १३० मी.हून अधिक असल्याचे उत्खननात दिसून आले आहे. एका वेळी हजारो भांडी भाजली जात आणि भट्टीतील जागेप्रमाणे प्रत्येकाचा रंग थोडाफार बदले. उत्तरेकडील भट्ट्या घुमटाकार व आटोपशीर असून त्यांत पुढे दगडी कोळसा वापरला जाऊ लागला. धूर व राख यांपासून बचाव व्हावा म्हणून उत्तम भांडी जाड मातीच्या डब्यांत ठेवून भाजीत.

प्रारंभ व युए पात्रे : राखेच्या झिलईची उच्च भाजणीची पात्रे शांग काळात, इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यास आढळतात. त्यांची झिलई पातळ व असमान आहे. पूर्व हान काळात (२५–२२०) जज्यांग प्रांतात झिलई व अंग यांचा एकजीव मेळ साधला गेला आणि तेथूनच युए भट्ट्यांची दीर्घ परंपरा सुरू झाली. आरंभीच्या शतकांत कोंबड्याच्या डोक्याच्या आकाराची तोटी असलेल्या सुरया, मृतांसमवेत पुरावयाचे मनोऱ्याच्या आकाराचे कलश यांसारखी शिल्पप्रधान पात्रे घडली. त्यांत अलंकरण विपुल आहे. परंतु ते धातुपात्रांच्या व वास्तूंच्या अनुकरणातून आलेले असून झिलई त्यावर केवळ आवरणासारखी पसरलेली दिसते.

तांग काळात (६१८–९०७) ही स्थिती पालटली. आठव्या शतकातील लू यू याने चहाविषयीच्या आपल्या ग्रंथात युए वाडग्यांना उत्तरेकडील शिंग भट्टीच्या पांढऱ्या वाडग्यांहून वरचे स्थान दिले. युए वाडग्यात चहाचा रंग अधिक हिरवा दिसतो, हे त्याने दिलेले एक कारण होते. भांड्याचे सौंदर्य त्याच्या उपयोगाच्या क्षणी पारखावे, हा विचार त्यात अनुस्यूत असून चिनी मृत्कलेच्या समीक्षेचा तो एक प्राचीन व मोलाचा नमुना होय. युएच्या सर्वोत्तम पात्रांना ‘मिस’ म्हणजे गूढ रंगाची पात्रे म्हणत. या शब्दाने नेमके काय अभिप्रेत होते, याविषयी दीर्घकाळ तर्क चालू होते. शेन्सी प्रांतातील फामेन मंदिराचे ८७४ मध्ये बंद केलेले तळघर १९८७ मध्ये उघडले, तेव्हा तेथील शिलालेखातील यादीत या नावाने नोंदलेली पात्रे प्रत्यक्ष सापडली. त्यांपैकी बहुतेकांवर कसलीही नक्षी नाही. आकाराची रेषा आणि पाण्यासारखी नितळ झिलई एवढेच त्यांचे अलंकरण आहे.

चांगशा : याच सुमारास हूनान प्रांतातील चांगशा येथील कुंभार अगदी निराळ्या वाटेने जात होते. लोहाचा तपकिरी व तांब्याचा हिरवा रंग कुंचल्याने वापरून त्यांनी पक्षी, पाने, ढग व काव्यपंक्तीही भांड्यांवर रेखाटल्या. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या बुडीत जहाजातून सु. ६०,००० चिनी पात्रे वर काढण्यात आली. त्यांत चांगशाच्या वाडग्यांचेच प्राबल्य असून एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारी तिथी कोरलेली आहे. हा माल पश्चिम आशियाच्या बाजारपेठेकडे निघाला असावा. अशा घाऊक उत्पादनात सफाईची अपेक्षा करणे व्यर्थ होय. तथापि तीन-चार फटकाऱ्यांत पक्षी उभा करणारा हात कसलेला आहे. रंग झिलईत किंचित पसरून रेषेच्या कडा मऊ होतात, हे हेरूनच तो रेषा सोडतो. दरबारी संग्राहकांनी या पात्रांची फारशी दखल घेतली नाही. कुंचल्याच्या चित्रणाचा चिनी मृत्कलेतील पाया मात्र येथेच घातला गेला.

याओजौ : सुंग काळात (९६०–१२७९) अश्मपात्रांची कला परमोत्कर्षास पोहोचली. शेन्सी प्रांतातील याओजौ येथील पात्रांचा ऑलिव्ह-हिरवा रंग व कोरीव नक्षी प्रसिद्ध आहे. तेथील भट्टीच्या देवतेस अर्पण केलेला १०८४ चा शिलालेख त्या व्यवसायाची भरभराट सूचित करतो. ओल्या मातीत पात्याने तिरपी खाच घ्यावयाची, म्हणजे तिची एक कड खोल व दुसरी उथळ राहते. पारदर्शक झिलई खोल कडेशी अधिक साचून गडद होते व उथळ बाजूला फिकी पडते. त्यामुळे एकाच रंगात कमळाची किंवा पिओनीची पाकळी उठावदार दिसते. येथे हाताने केलेली खाच व झिलईने केलेली छटा यांना वेगळे करता येत नाही. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून साच्यांचा वापर वाढला, तेव्हा नक्षी अधिक नाजूक व गजबजलेली झाली. परंतु खाचेच्या खोलीतील चढउतार कमी झाले आणि त्याबरोबर जिवंतपणाही ओसरला. अलंकरण वाढूनही सौंदर्य घटू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

रू व ग्वान पात्रे : होनान प्रांतातील रू पात्रे उत्तर सुंग दरबारासाठी, मुख्यतः अकराव्या शतकाच्या अखेरीपासून सम्राट ह्वेझुंगाच्या काळापर्यंत, अल्पकाळच बनली. बाओफंग परगण्यातील छिंगल्यांगस या गावी त्यांची भट्टी १९८७ मध्ये निश्चित झाली व २००० मध्ये भाजणीचे मुख्य क्षेत्र उघडकीस आले. फिकट निळसर, मंद व जाडसर झिलई, बारीक तड्यांची जाळी आणि तळाशी तिळाच्या आकाराच्या टेकूखुणा ही त्यांची लक्षणे. तळासह सर्वांगाला झिलई देऊन भांडे अणकुचीदार टेकूंवर ठेवीत, म्हणून या खुणा उमटत. जगातील संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत मिळून अशी शंभराहून कमी पात्रे उरली आहेत. त्यांपैकी एकवीस तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत.

रू पात्रांचा साधेपणा हा कोरीव कामाच्या अज्ञानातून आलेला नाही. भट्टीच्या उत्खननात ड्रॅगन व कमळदले कोरलेल्या पात्रांचे अवशेषही मिळाले आहेत. नक्षी करता येत असूनही पुष्कळशा पात्रांवर ती टाळली गेली, ही निवड आहे. अर्धपारदर्शक झिलईच्या आत अडकलेले सूक्ष्म बुडबुडे व कण प्रकाश विखुरतात. त्यामुळे पृष्ठभाग जेडसारखा मऊ भासतो. अशा पृष्ठभागाखाली नक्षी ठेवली, तर ती पुसट होते व झिलईची शांतताही ढळते.

तडे हा मूलतः दोष होय. थंड होताना झिलई अंगापेक्षा अधिक आकसली, की ती तडकते. उत्तरेचा प्रदेश ११२७ मध्ये गमावल्यावर सुंग दरबार दक्षिणेस गेला. पुढे हांगजौ येथील ग्वान भट्ट्यांनी या दोषालाच अलंकाराचा दर्जा दिला. काळसर पातळ अंगावर झिलईचे एकावर एक थर देऊन ती कधीकधी अंगापेक्षाही जाड करीत आणि तड्यांची रुंद जाळी पडू देत. काठावर झिलई ओघळून पातळ होते तेथे जांभळट छटा व तळाच्या उघड्या कडेवर लोखंडी रंग दिसतो. प्राचीन कांस्य व जेड वस्तूंचे आकार उचलणाऱ्या या पात्रांत गमावलेल्या वैभवाची आठवण जपलेली आहे. त्यांतील सर्वोत्तम पात्रांवर तड्यांच्या रेषा आकाराला अनुसरून चालतात. सामान्य पात्रांवर मात्र त्या केवळ पृष्ठभाग भरून टाकतात. ‘ग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पात्रांत काळ्या व पिवळट अशा दुहेरी तड्यांचे कौतुक झाले. परंतु तेथे दोषाचा उपयोग करून घेण्याऐवजी त्याचे प्रदर्शन मांडल्यासारखे अनेकदा वाटते.

ज्युन, ज्यान व जीजौ पात्रे : होनानमधील ज्युन पात्रांची निळाई कोणत्याही निळ्या रंगद्रव्यातून आलेली नसते. भाजणीनंतर थंड होत असताना वितळलेल्या झिलईत एका काचेचे सूक्ष्म थेंब दुसऱ्या काचेत विभक्त होतात आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. आकाशाच्या निळाईसारखाच हा प्रकार आहे. तिच्यावर तांबेयुक्त द्रव्याचे डाग दिल्यास जांभळे-किरमिजी ढग उमटतात. साध्या वाडग्यांवरील एखादा मोकळा डाग मनोहर दिसतो. तळावर १ ते १० अंक कोरलेल्या फुलझाडांच्या कुंड्या पूर्वी सुंग काळातील मानत. आता अनेक अभ्यासक त्या चौदाव्या-पंधराव्या शतकांतील समजतात. त्यांचा सर्वांगी भडक जांभळा रंग सुंग अभिरुचीशी विसंगत वाटत असे. नव्या कालनिर्णयामुळे ती विसंगती उरत नाही.

फूक्येनमधील ज्यान वाडगे काळ्या झिलईसाठी ख्यातनाम आहेत. सुंग काळात चहाची पूड गरम पाण्यात घुसळून पांढरा फेस आणीत व त्याच्या स्पर्धाही होत. फेस उठून दिसावा म्हणून काळा वाडगा श्रेयस्कर, असे अकराव्या शतकातील त्साय श्यांग याने नोंदविले आहे. अतिरिक्त लोह बुडबुड्यांबरोबर पृष्ठभागावर येते, तेथे स्फटिकरूप घेते व झिलईबरोबर खाली ओघळते. त्यातून ‘सशाचे केस’ किंवा ‘तेलाचे थेंब’ म्हणविले जाणारे आकार तयार होतात. या स्फटिकांत लोहाच्या ऑक्साइडाचे एक अतिदुर्मिळ रूप असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पुढे १३९१ मध्ये मिंग सम्राटाने दाबलेल्या चहाच्या वड्यांची खंडणी बंद केली व पानांचा चहा रूढ झाला. काळ्या वाडग्याचे प्रयोजन त्यामुळे संपले. जपानमध्ये मात्र ‘तेम्मोकू’ या नावाने ते जपले गेले. इंद्रधनुषी ठिपक्यांचे तीन वाडगे तेथे राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेले आहेत.

ज्यांगसी प्रांतातील जीजौ येथील कुंभारांनी याच काळ्या झिलईत कागदी कातरकामाचे आकार उतरविले व खऱ्या पानाची शिरांसह छाप वाडग्याच्या आत उमटविली. ही युक्ती सहज चमत्कृतीत जमा झाली असती. पण पान वाडग्याच्या मध्याऐवजी कडेकडे, जणू नुकतेच गळून पडल्यासारखे ठेवण्यात त्यांचा संयम दिसतो.

त्सूजौ पात्रे : होपे, होनान व शेजारच्या प्रांतांत पसरलेली त्सूजौ परंपरा लोकजीवनाशी निगडित होती. करड्या अंगावर पांढऱ्या मातीचे अस्तर द्यावयाचे आणि त्यावर काळ्या रंगाने चित्र काढावयाचे, किंवा काळा थर कोरून खालचे पांढरे उघडे करावयाचे व वरून पारदर्शक झिलई द्यावयाची, अशी तिची कृती. मद्याचे बुधले, उशा व वाडगे हा तिचा मुख्य माल. उशांवर खेळणारी मुले, वाघ, मासे, गाण्यांच्या ओळी व बनविणाऱ्या घराण्याचे शिक्के आढळतात. होपेमधील ज्यूलू हे गाव ११०८ च्या पुरात गाडले गेले. तेथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सापडलेल्या पात्रांमुळे या परंपरेच्या कालनिर्णयास आधार मिळाला.

दरबारी मापाने ही पात्रे जाडीभरडी होत. परंतु झिलई, अस्तर व अंग हे तीन थर चित्रकाराने आपल्या तीन छटा म्हणून वापरले. थोरल्या बुधल्यावरील पिओनीची वेल पोटाच्या फुगवट्याबरोबर विस्तारते व खांद्याकडे आवळते. म्हणजेच नक्षी पात्राच्या आकारातून उगवते. रू पात्रात मौनाने जे साधले, तेच येथे मुक्त बोलण्याने साधले आहे. अस्तरावर कुंचल्याने चित्र काढण्याच्या या कौशल्याचा चौदाव्या शतकातील निळ्या-पांढऱ्या पोर्सलीनच्या घडणीस हातभार लागला, असे अनेक अभ्यासक मानतात.

लुंगच्युआन व उत्तरकाल : जज्यांगमधील लुंगच्युआन येथे दक्षिण सुंग काळात झिलईतील क्षारांचे प्रमाण वाढविण्यात आले, त्यामुळे ती दाट होऊन न ओघळता जाड थरात टिकू लागली. हिरव्या आलुबुखाराची व भुकटीसारखी मऊ अशा तिच्या दोन छटा विख्यात आहेत. या पात्रांचा व्यापार दूरवर झाला. कोरियाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या १३२३ च्या सुमाराच्या जहाजात सापडलेल्या वीस हजारांहून अधिक पात्रांत यांची संख्या मोठी आहे. तमिळनाडूतील पेरियपट्टिनम येथेही त्यांचे तुकडे मिळाले असून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशी हिरवी पात्रे १,३०० हून अधिक आहेत. विषारी अन्न वाढल्यास हे ताट तडकते किंवा रंग बदलते, अशी समजूत पश्चिम आशियात प्रचलित होती.

युआन काळात (१२७९–१३६८) मोठी ताटे, चिकटविलेले ड्रॅगन व मासे, लोहाचे तपकिरी ठिपके यांची आवड वाढली. झिलई न दिलेले उठावाचे लालसर आकार हिरव्या पृष्ठभागावर ठेवण्याची कल्पना चतुर आहे. पण तीत झिलई केवळ पार्श्वभूमी बनते. मिंग काळातील (१३६८–१६४४) जाड ताटांवर दाट झिलईखाली कोरलेली बारीक नक्षी पुष्कळदा वाचताही येत नाही. पोर्सलीनशी स्पर्धा करण्याच्या नादात अश्मपात्राने स्वतःचे बळ गमावले, असेच म्हणावे लागते.

प्रतवारी व रसिकता : रू, ग्वान, ग, ज्युन व दिंग (यांपैकी दिंग हे पोर्सलीन) या ‘पाच थोर भट्ट्यां’ची यादी मिंग व छिंग काळांतील संग्राहकांच्या लेखनातून आकारास आली. ती सुंग काळातील कुंभारांनी केलेली नाही. दरबाराशी संबंध, दुर्मिळता आणि नक्षीचा संयम हे तिचे निकष असल्याने याओजौ, ज्यान, चांगशा व त्सूजौ यांना तीत स्थान मिळाले नाही. आजचा बाजारही याच यादीमागे जातो. हाँगकाँग येथे २०१७ मध्ये रूचे एक छोटे कुंचले धुण्याचे पात्र २९ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलरांच्या आसपास विकले गेले.

जुन्या पात्रांकडे पाहण्याच्या दोन रीती येथे उल्लेखनीय आहेत. छिंग सम्राट च्येनलुंग (कार. १७३५–९६) याने संग्रहातील रू व ग्वान पात्रांवर, बहुधा तळाशी, स्वरचित कविता कोरविल्या. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात असलेल्या पर्सिव्हल डेव्हिड संग्रहात अशी पात्रे पाहावयास मिळतात. त्याचे प्रेम निःसंशय खरे होते. परंतु ज्या पृष्ठभागाचे मोल त्याच्या मौनात होते, त्यावर त्याने शब्द लादले. टोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातील लुंगच्युआनच्या एका वाडग्याची कथा याउलट आहे. तो तडकल्यावर जपानचा शोगुन आशिकागा योशिमासा (१४३६–९०) याने त्याच्यासारखा दुसरा मागविण्यासाठी तो चीनला पाठविला. तसा वाडगा आता होत नाही, म्हणून धातूचे टाके घालून तोच परत आला, असे सांगतात. टोळाची उपमा दिलेले ते टाके पुढे त्याचे भूषण ठरले. गरजेतून आलेल्या त्या टाक्यांनी पात्राच्या इतिहासात भर घातली. कवितेने मात्र मालकाचाच इतिहास त्यावर नोंदविला.

मूल्यमापन : चिनी अश्मपात्रांत साधे आणि अलंकृत असे दोन तट कल्पिणे दिशाभूल करणारे आहे. नितळ मिस वाडगा, याओजौची तिरपी खाच, ज्यानचा ओघळ व त्सूजौचा काळा फटकारा ही एकाच तत्त्वाची निरनिराळी रूपे आहेत. झिलई काय करील, हे कुंभाराने ओळखले व तिला वाव दिला, तेथे अत्यल्प आणि विपुल अशी दोन्ही अलंकरणे श्रेष्ठ ठरली. झिलईकडे केवळ आवरण म्हणून पाहिले गेले, तेथे राजाश्रय व कौशल्य असूनही पात्र निस्तेज झाले. या निकषावर त्सूजौचा निनावी बुधला रूच्या राजपात्राशेजारी मानाने बसतो. लुंगच्युआनची पारंपरिक भाजणी युनेस्कोने २००९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. तेथे नव्याने घडणाऱ्या पात्रांनाही हाच निकष लावणे उचित होईल. जुन्या रंगाची हुबेहूब नक्कल साधली, एवढ्याने ती कला पुनरुज्जीवित झाली असे म्हणता येणार नाही.